पारेहाचा सावळा चेहरा : एका कॉपीच्या नोंदी

४ जून २०२५

कॉपी करायला चित्र ठरलं. स्पेनच्या राजाचा चित्रकार दिएगो व्हेलास्केझ याचं 'हुआन दे पारेहा', त्या नावाच्या माणसाचं व्यक्तिचित्र, रोममध्ये १६५० साली केलेलं. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तिथे जाणं या जन्मी होईलसं वाटत नाही. पण कॉपीराइट नसलेल्या चित्रांच्या मोठ्या फाइली म्युझियमने २०१७ पासून सगळ्यांना खुल्या केल्यात, त्यामुळे झूम करत गेलं की गालावर ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला तेही दिसतं.

तात्या म्हणत होते रेम्ब्रांट कर. तात्या म्हणजे आमचे गुरुजी, के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली शिकलेले. बेळगावात तेलरंगातलं व्यक्तिचित्र म्हटलं की के. बी. सरांचं नाव आधी येतं, रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. त्यामुळे तात्यांनी एकदा सांगितलं की आमच्यात सहसा कुणी उलट बोलत नाही. मी बोललो.

कारण असं की व्यक्तिचित्रणाच्या बहुतेक पुस्तकांत कातडीची कृती ठरलेली असते: पांढरा, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, थोडं व्हर्मिलियन म्हणजे शेंदरी लाल. त्यातून जो गुलाबी माणूस तयार होतो तो बेळगावच्या आमच्या शहापुरात क्वचित दिसतो, तोही गोव्याला जाताना वाट चुकलेला. माझा फोटो स्टुडिओ आहे. गिऱ्हाईक फोटो बघतं आणि पहिलं वाक्य म्हणतं, 'जरा गोरं करा की.' लग्नाचा अल्बम असो नाहीतर श्रद्धांजलीचा फ्लेक्स, गेलेल्या माणसालाही गोरं करूनच पाठवायचं. स्लायडर सरकवला की झालं. इतकी वर्षं हेच केल्यावर सावळ्या चेहऱ्यावर उजेड नेमका कसा बसतो हे आपण कधी नीट बघितलंय का, अशी शंका यायला लागली. पारेहा सावळा आहे, आणि व्हेलास्केझने त्याला गोरं केलेलं नाही.

तात्या ऐकून घेऊन म्हणाले, 'कर मग. पण अर्ध्यात सोडलास तर माझ्याकडं येऊ नकोस.'

९ जून

मूळ चित्र ८१.३ × ६९.९ सेंटिमीटर. मी चार पंचमांश करतोय, ६५ × ५६. पॅरिसच्या लूव्रमध्ये बसून कॉपी करणाऱ्यांना मूळ मापात करू देत नाहीत, किमान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी लागते, उद्या कुणी ती खरी म्हणून विकू नये म्हणून. माझी कुणी खरी समजेल ही भीती नाही, पण नियम आवडला.

चौकट वडगावच्या सुताराकडून. पट्ट्यांची आतली कड उतरती तासून घेतली, नाहीतर कापड लाकडाला टेकतं आणि पुढे त्या रेषेचा वळ समोरून उमटतो. कोपरे फेव्हिकॉलने पक्के करायचे नाहीत, पाचरी घालायच्या. पावसात कापड सैल पडलं की पाचर ठोकून परत ताणता येतं. हे त्याला काही पटेना. 'सांधा हलता ठेवायचा म्हंजे कसलं काम हे, मालक?' शेवटी पैसे वाढवून दिल्यावर पटलं.

१४ जून

सुती कॅनव्हास ताणून झाला. जुन्या पद्धतीत आधी सरसाचा हात देतात. सरस हवेतली ओल ओढतो, फुगतो, मग आकसतो. वरचा वाळलेला रंग त्याच्याबरोबर हलत नाही, तडकतो. बेळगावच्या पावसात ते नकोच. अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे हात, एक उभा, एक आडवा, मधे पॉलिश पेपर.

त्यावर रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग आणि थोडा पांढरा टर्पेंटाइनमध्ये पातळ करून राखाडी तपकिरी अस्तर. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर सावळ्या कातडीचा पहिला हात काळाकुट्ट दिसतो आणि घाबरून आपण पुढचा रंग फिकट मिसळतो. म्हणजे गोरं करायची सुरुवात अस्तरापासूनच होते.

१५ जून

मॅट पेपरवर प्रिंट काढली. आमचा प्रिंटर चांगला आहे, तरी झगा आणि दाढी सगळी एका काळ्यात गेली. कागदावरची शाई पडद्याइतका उजेड देऊ शकत नाही, गडद भागातल्या छटा आधी मरतात. म्हणून ठरवलं, रेखांकन प्रिंटवरून, रंग कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरवरून. मॉनिटरचा ब्राइटनेस बराच खाली आणला. ईझलवरचं चित्र खिडकीच्या उजेडात आणि शेजारी चकचकीत पडदा, असं ठेवलं तर आपलं चित्र कायम मेलेलंच दिसणार.

ईझल माडीवर, उत्तरेच्या खिडकीशी. खालचे सॉफ्टबॉक्स वापरता आले असते, पण तिथे दर अर्ध्या तासाला पासपोर्ट फोटो.

२१ जून

बोर्ड रंगवणारे पेंटर चौकोन आखून चेहरा मोठा करतात. तात्यांना ते चालत नाही. दोऱ्याला नट बांधून दिला, ओळंबा म्हणून. कपाळावरून सोडलेला दोरा नाकपुडीला कुठे भेटतो, हनुवटीला कुठे, कॉलरच्या टोकाला कुठे. बाकी सगळं अंदाजाने, ब्रशनेच, पातळ अंबरमध्ये.

पारेहाचं शरीर तिरकं वळलेलं आहे आणि चेहरा आपल्याकडे. उजवा हात कमरेपाशी आडवा, झगा धरलेला. म्हणजे खांद्याचा एक कल आणि डोक्याचा दुसरा. हे दोन कल एकत्र आले की तो रुबाब मरतो आणि आधार कार्डावरचा फोटो होतो.

जुन्या पुस्तकातल्या चित्राची कड म्युझियमच्या फाइलशी जुळेना. त्यामागे गोष्ट आहे. १९७० साली लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात हे चित्र २३ लाख १० हजार पौंडांना गेलं. दहा लाख पौंडांच्या वर गेलेलं ते लिलावातलं पहिलं चित्र. त्यानंतर साफसफाई करताना कळलं की वरचा आणि उजवीकडचा थोडा कॅनव्हास चौकटीमागे दुमडून ठेवलेला होता. तो मोकळा केल्यावर डोक्यावर आणि उजवीकडे हवा आली. आमच्या धंद्यात क्रॉप करायला दोन सेकंद लागतात, पण या दुमडीने बघणाऱ्याला माणसाच्या फार जवळ नेऊन उभं केलं होतं.

२८ जून

वडील ब्लॅक अँड व्हाइट फोटो हाताने रंगवायचे. आधी प्रिंट सेपिया करून घ्यायची, कारण राखाडीवर कातडीचा रंग मेल्यासारखा दिसतो आणि तपकिरीवर जिवंत. मग पारदर्शक तेलरंग, काडीला कापूस गुंडाळून, गोल गोल घासत. गाल, ओठ, साडी, पदराची कड. माझं पहिलं रंगकाम हेच. दहावीच्या सुट्टीत मी फक्त साड्यांच्या कडा करायचो.

त्यामुळे डोक्यात होतं की तेलातलं पोर्ट्रेट म्हणजे त्याचीच मोठी बहीण. खाली अंबरमध्ये पूर्ण छायाप्रकाश, वर पातळ रंगांचे थर. तसं केलं. खालचं काम छान झालं, तात्यांनीही मान डोलावली.

४ जुलै

पाऊस लागलाय. अंबर मात्र दुसऱ्या दिवशी वाळून खडखडीत. अंबरमध्ये मँगनीज असतं, ते जवसाच्या तेलाला वाळायला मदत करतं. आयव्हरी ब्लॅक हा काळा आणि अलिझरिन हा गडद लाल, यांचं उलट, आठवडाभर चिकट.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं. म्हणून हवा हवी आणि उजेडही हवा. ओलं चित्र जुन्या डार्करूममध्ये ठेवावं असं घरातून सुचवलं गेलं, धूळ बसत नाही म्हणून. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. व्हेलास्केझच्याच काळातल्या रुबेन्स या चित्रकाराने पत्रात लिहून ठेवलंय की पेटीत बंद राहून पिवळं पडलेलं चित्र उन्हात ठेवा. जुलैत आम्ही ऊन कुठून आणणार, पण खिडकी आहे.

आणि हो, घरातल्या चटणीच्या जवसाचं तेल काढून वापरता येईल का, असं आईने विचारलं. येईल, पण चित्रकाराचं तेल शुद्ध करून घेतलेलं असतं. शिवाय चटणी जास्त महत्त्वाची.

१३ जुलै

तपकिरीवर रंगाचे पातळ हात दिले. चेहरा हाताने रंगवलेल्या फोटोसारखा दिसायला लागला. गोड, गुळगुळीत, आणि मागून उजेड आल्यासारखा.

तात्या आले, चष्मा वर केला. 'काय करूलालास रे हे? चेहरा रंगवूलालास की काचेवर कागद चिकटवूलालास?'

मग त्यांनी पडद्यावर कपाळ मोठं करायला लावलं. तिथे उजेड पातळ नाहीच. जाड, अपारदर्शक रंग ठेवलेला आहे, ब्रशच्या केसांच्या खुणांसकट. आणि सावली पातळ, इतकी की खालचं अस्तर दिसतं. म्हणजे उजेड अंगाने ठेवायचा आणि अंधार नुसता पुसायचा. वडिलांच्या पद्धतीत सगळा उजेड कागदाच्या पांढऱ्यातून यायचा. इथे तो रंगाच्या गोळ्यातून येतो. कॅनव्हास तोच ठेवून चेहऱ्यावर नव्याने काम सुरू.

२० जुलै

पॅलेट: टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, व्हर्मिलियन, अलिझरिन, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक. सगळ्या कॅमलच्या ट्यूब, व्हर्मिलियन सोडून. चेहऱ्यासाठी निळा काढलेलाच नाही. ऑकरच्या शेजारी काळा-पांढरा मिसळून ठेवला की तोच निळसर वाटतो.

व्हेलास्केझकडे लेड व्हाइट होता. तो शिशाचा, विषारी, आता सहज मिळत नाही. टिटॅनियम त्याच्यापेक्षा थंड आणि दांडगा. कणभर टाकला तरी सगळी रास खडूसारखी होते. लेड व्हाइट थोडा पारदर्शक, लोण्यासारखा ओढला जातो. व्हेलास्केझ रंगात कॅल्साइट म्हणजे चुनखडीची पूडही मिसळायचा, त्यामुळे रंगाला अंग यायचं पण पारदर्शकपणा जायचा नाही. मी टिटॅनियममध्ये आधीच थोडा ऑकर घालून एक 'उबदार पांढरा' करून ठेवलाय आणि शुद्ध पांढरी ट्यूब टेबलाखाली. हाताशी असली की वापरली जाते.

३ ऑगस्ट

आजचा दिवस मोलाचा, म्हणून सविस्तर.

चेहरा कितीही केला तरी एकतर चिखल, नाहीतर तांबूस. फोटोशॉपच्या ड्रॉपरने कपाळावरचा सगळ्यात उजळ ठिपका उचलला आणि एका कोऱ्या चौकोनात भरला. नुसता मातकट रंग, नदीकाठच्या ओल्या वाळूचा. तो उजेड आहे हे सांगूनही खरं वाटणार नाही. गालाच्या वळणावरचा रंग उचलला तर जवळजवळ राखाडी. तांबूस म्हणावा असा रंग फक्त गालाच्या मधल्या भागात, नाकाच्या शेंड्यापाशी आणि कानाकडे, तोही थोडाच.

मग हा चेहरा इतका उजळतो कसा? कॉलरमुळे. गळ्याभोवती रुंद पांढरी लेसची कॉलर आहे, चित्रातला खरा पांढरा तेवढाच. चेहऱ्यातला सगळ्यात उजळ भाग कॉलरच्या सावलीतल्या पांढऱ्याच्याही बराच खाली बसतो. माझ्या कॅनव्हासवर कॉलरच्या जागी अजून तपकिरी अस्तर होतं. त्यामुळे चेहरा कुणाशी तोलायचा हेच डोळ्याला कळत नव्हतं आणि मी पांढरा ओतत बसलो होतो.

कॅमेऱ्याचं मीटरही असंच वागतं. समोर पांढरी साडी असो की काळा कोट, त्याला सगळं मधल्या राखाडीला आणायचं असतं. पांढऱ्या शर्टातल्या सावळ्या नवरदेवाचा फोटो घेताना शर्ट वाचवायचा की चेहरा, हा आमचा रोजचा प्रश्न. व्हेलास्केझने दोन्ही वाचवलेत, कारण त्याने चेहरा उजळ करण्याऐवजी कॉलर आणि पार्श्वभूमी यांच्यामध्ये नेमक्या पायरीवर बसवला.

संध्याकाळी आधी कॉलरचा ढोबळ पांढरा थापला, मग मागची हिरवट राखाडी भिंत. चेहऱ्याला हात लावला नाही. तरी तो सकाळपेक्षा निम्म्याने सुधारला.

४ ऑगस्ट

काचेच्या पॅलेटवर राशी करून ठेवायची पद्धत बसवली. लाइट रेड, ऑकर आणि काळा मिळून मधली छटा. त्यात उबदार पांढरा वाढवत उजेडाकडच्या तीन राशी, अंबर आणि अलिझरिन घालत सावलीकडच्या दोन. प्रत्येक राशीच्या बाजूला तेवढ्याच उजळपणाची राखाडी रास. रंग फार तांबूस झाला की पांढऱ्याऐवजी ही राखाडी घालायची. चिखल होत नाही, कारण उजेडाची पायरी बदलत नाही, फक्त रंगाचा आवाज कमी होतो.

उरलेल्या राशी ताटलीत घालून फ्रीजरमध्ये. घरात यावर मतभेद आहेत.

१० ऑगस्ट

शेजारचे शिंपी अण्णा चहाला वर आले. बराच वेळ बघून म्हणाले, 'यार्री इवरु?' कोण हे. सांगितलं, स्पेनच्या राजाच्या चित्रकाराचा माणूस, पावणेचारशे वर्षांपूर्वीचा. 'नम्म कडे मंदी हंग कांस्तार,' आपल्याकडच्या माणसांसारखे दिसतात, असं म्हणून चहा पिऊन गेले. चित्र चांगलं झालंय की नाही यावर एक शब्द नाही.

२५ ऑगस्ट

परवा चतुर्थी. मंडळाच्या मूर्तीचा फोटो काढायला मूर्तिकाराच्या शेडमध्ये गेलो होतो. डोळ्यांची आखणी चालू होती. श्वास रोखून एकाच ओढीत वरची पापणी, मग खालची, मग बुबुळ, मग चमक. हात टेकायला काठी, बस्स. बाहेर ट्रॉल्या उभ्या आणि तो एका पापणीवर.

घरी येऊन पारेहाचे डोळे मोठे करून बघितले. तिथे आखणी नाहीच. वरच्या पापणीची एक गडद जागा आहे, ती दोन्ही टोकांना विरघळते. बुबुळ आणि सावली यांच्यामध्ये रेघ नाही. डोळ्याचा पांढरा भाग तर पांढरा नाहीच, कातडीच्या मधल्या छटेपेक्षा थोडासाच थंड. आणि तरी तो नजर रोखून बघतोय. मूर्तीचा डोळा दुरून शेकडो माणसांना दिसायचा असतो, त्याला कड हवीच. पारेहाला एका वेळी एकाच माणसाकडे बघायचंय.

तीच काठी मीही वापरतो आता. मोडक्या छत्री-लाइटचा दांडा, टोकाला कापडाचा गोळा.

१४ सप्टेंबर

औंधला जाऊन आलो. मॉनिटर बघून बघून तेलरंगाचं खरं अंग कसं दिसतं तेच विसरायला झालं होतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी १९३८ साली औंधच्या टेकडीवर हे भवानी संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत, धुरंधरांची आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. आणि युरोपातल्या जुन्या चित्रांच्या कॉपी आहेत. इथल्या माणसाने युरोपला न जाता ती बघावीत, एवढाच त्यामागचा हिशोब असणार. एका संस्थानिकाला कॉपी कमी दर्जाची वाटली नाही, हे बघून बरं वाटलं.

मी चित्रांसमोर कमी आणि त्यांच्या बाजूला जास्त उभा राहिलो. कडेने, तिरक्या उजेडात बघितलं की जाड रंग कुठे आणि पातळ कुठे ते नकाशासारखं दिसतं. रखवालदाराला संशय आला.

कॉपीची लाज वाटायचं कारणही नाही. रुबेन्स पन्नाशीत, सगळ्या युरोपात नाव झालेलं असताना, १६२८-२९ मध्ये माद्रिदला राजाच्या संग्रहातल्या टिशियन या जुन्या इटालियन चित्रकाराच्या चित्रांच्या कॉपी करत बसला होता. तेव्हा तरुण व्हेलास्केझ त्याच दरबारात होता.

५ ऑक्टोबर

कॉलर. लेसचं प्रत्येक भोक काढायला बसलं तर दिवाळी उजाडेल आणि वर ती क्रोशाच्या टेबलक्लॉथसारखी दिसेल. मूळ चित्रात जवळून बघितलं तर लेस नाहीच. राखाडीवर पांढऱ्याचे जाड, वेडेवाकडे ठिपके, काही ओढलेले, काही नुसते टेकवलेले. मागे सरकलं की सुईकाम दिसतं.

अठराव्या शतकात व्हेलास्केझचं चरित्र लिहिणाऱ्या पालोमिनोने म्हटलंय की तो लांब दांड्याचे ब्रश वापरायचा. मीही ब्रशला वेताची काडी बांधली. हात लांब गेला की बोटांची नक्षी बंद होते, खांदा काम करतो. कॉलरची डावी बाजू अशी केली, उजवी आधी बोटांनी केलेली होती. उजवी पुसून परत केली.

पार्श्वभूमीत व्हेलास्केझ कधीकधी ब्रश पुसायचा, त्याच्या काही चित्रांत त्या खुणा अजून दिसतात. मी पुसत नाही. तेवढी ऐपत नाही आपली.

१२ ऑक्टोबर

काही ठिकाणी झगा वाळून मंद पडलाय, पांढुरका, खडबडीत. वरच्या थरातलं तेल खालच्या कोरड्या थराने शोषलं. थेंबभर जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये मिसळून कापडाने चोळलं, जादा टिपून घेतलं, काळा परत जागा झाला. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त तेलकट असावा हा नियम तात्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. उलट केलं तर खालचा तेलकट थर हळू वाळतो, वरचा कोरडा आधी वाळून बसतो, आणि मग खालच्याच्या हालचालीने वरचा भेगाळतो.

१ नोव्हेंबर

आज बाहेर पडायचा प्रश्न नव्हता. का ते बेळगावकराला सांगायला नको, कर्नाटकाचा स्थापना दिवस आणि इथल्या मराठी माणसांचा काळा दिवस. शटर खाली, दिवसभर माडीवर. हात केला. मूळ चित्रातला हात अगदी थोडक्यात आटपलेला आहे, बोटं जेमतेम सुचवलेली. तो नीट 'पूर्ण' करायचा मोह आवरला, कारण हात बोलायला लागला की चेहरा गप्प होतो.

दाढीची कडही केली. दाढी सुकायच्या आत गालाचा रंग तिच्यात थोडा ओढायचा; वाळल्यावर केलं की दाढी नाटकातल्यासारखी चिकटवलेली दिसते.

२३ नोव्हेंबर

आजची तारीख मुद्दाम पाळली. २३ नोव्हेंबर १६५० रोजी रोममध्ये व्हेलास्केझने पारेहाच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली. हो, पारेहा त्याचा गुलाम होता. रंग घोटणं, कॅनव्हास तयार करणं ही त्याची कामं, असं पालोमिनो लिहितो. मुक्तता लगेच नव्हती. चार वर्षांनी, आणि त्यात पळून जायचं नाही, गुन्हा करायचा नाही अशी अट. चित्र त्याच वर्षी १९ मार्चला रोमच्या पँथिऑन या पुरातन देवळात लोकांना दाखवलं होतं. म्हणजे ज्याच्या चेहऱ्याची सगळ्या रोमने वाहवा केली तो तेव्हा विकता येण्यासारखा माणूस होता.

पालोमिनोची आणखी एक गोष्ट: व्हेलास्केझने हे चित्र पारेहाच्याच हाती देऊन मित्रांकडे मत घ्यायला पाठवलं, तेव्हा चित्राशी बोलावं की माणसाशी, हे त्यांना कळेना. गोष्ट मजेची म्हणून सांगतात. मला त्यातलं पुढचं दृश्य दिसतं, ते परत खांद्यावर घेऊन जाणारा पारेहा.

पुढे तो स्वतः चित्रकार झाला. १६६१ सालचं त्याचं 'संत मॅथ्यूला पाचारण' माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये आहे, भलंमोठं, आणि त्यात डाव्या कडेला तो स्वतः उभा आहे, हातात कागद. मालकाच्या ब्रशातला पारेहा आणि स्वतःच्या ब्रशातला पारेहा आज शेजारी शेजारी पडद्यावर लावून बघितले. स्वतः काढलेल्यात तो जास्त नीटनेटका आहे आणि रंगाने उजळ. त्याला मी काय बोलणार?

३० नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू. रात्री थोडंथोडं. ट्यूबलाइटखाली रंग मिसळायचा नाही असं ठरवलंय, त्यामुळे रात्री फक्त बघायचं आणि खडूने बारीक खुणा करायच्या. आरशात उलटं बघितलं की डावा जबडा थोडा खाली उतरलेला दिसतो.

एका नवरीच्या अल्बमला या आठवड्यात चेहऱ्याचा स्लायडर लावला नाही. फक्त साडीचा पांढरा सांभाळला. तिची आई बघून म्हणाली, 'आमची पोरगी आमच्यासारखीच दिसूलाली की.' तक्रार होती की कौतुक, कळलं नाही. पैसे पूर्ण दिले.

७ डिसेंबर

जबडा दुरुस्त. कपाळावरचा शेवटचा उजेड एकदाच ठेवला, जाड, आणि ब्रश उचलला. तात्या आले. जवळून बघितलं, लांबून बघितलं, खुर्ची ओढून बसले. 'नाक अजून फोटोग्राफरचं आहे,' म्हणाले. 'कपाळ झालं.' त्यावर दुसरी खुर्ची आणली आणि आम्ही नाकावर तासभर बोललो. त्यांचं म्हणणं, नाकाच्या बाजूची सावली मी कडेने बंद केली, तिथे गाल आणि नाक एकमेकांत मिसळायला हवेत. खरं आहे. हे नाक आता तसंच राहू दे. पुढच्या चित्रात बघू.

व्हार्निश आत्ता नाही. रंग वरून वाळला तरी आतून वाळायला सहा महिने ते वर्ष, आणि मधे परत पावसाळा. तोवर माडीवरच्या भिंतीवर, खिडकीच्या उजेडात.

पालोमिनोच्या म्हणण्याप्रमाणे व्हेलास्केझने पारेहाचं चित्र केलं ते पोप दहावा इनोसंट याचं पोर्ट्रेट करण्याआधी हात बसवायला. माझ्याकडे पोप नाही, शिंपी अण्णा आहेत. तासभर बसायला तयार झालेत, शिलाईयंत्र वर आणू दिलं तर दोन तास. कॅनव्हास लहान घेतलाय, तेच राखाडी अस्तर, त्याच राशी. त्यांना पांढरा शर्ट घालून यायला सांगितलंय. आधी कॉलर लावणार आहे.